उष्टी हळद

हळदीच्या वाटीवरचा रुमाल काढला तर आत हळद लाल होती.

अगदी कुंकवासारखी नाही, पण पिवळीही नाही. कच्च्या विटेला भाजल्यावर जो रंग येतो, तसा. आम्ही वाशीमकडची माणसं, हळदीच्या मुलखातली. घरची हळद घरी शिजते, घरी वाळते, फाल्गुनात अंगणभर तिचाच वास असतो. त्यामुळे आईने वाटी हातात घेतली आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"अशी काऊन दिसते वं ही? चुना पडला का काय हयदीत?"

"कुकू टाकलं असंन," मामी म्हणाली. "शहरातल्या लोकायची रीत असंन एखादी. शुभच हाय."

हळदीत चुना गेला की ती लाल होते, हे आईला ठाऊक होतं. पण वाटी नवरदेवाकडून आली होती. आमच्यात हळद आधी नवरदेवाला लागते. त्याच्या अंगाला लावून उरलेली, ती उष्टी हळद, नवरीकडे येते, आणि नवरीला पहिलं बोट तिचंच लागतं. एकदा ती लागली की अर्धं लग्न झालं, असं बाया म्हणतात. अशा वाटीवर शंका घेणार कोण?

वाटी घेऊन आल्या होत्या बेबीआत्या. दिवाकरच्या, म्हणजे माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या आत्या. त्याचे आईवडील लवकर गेले, त्याला यांनीच वाढवलं. अकोल्यात त्यांचं ब्युटी पार्लर होतं. भुवया अशा कोरलेल्या की बाई कायम आश्चर्यात पडल्यासारखी दिसे.

"ही फक्त चेहऱ्याला लावा," त्या म्हणाल्या. "हातापायाला तुमची घरची लावा. उष्टी हळद थोडीच असते. आणि लवकर न्हाऊ घाला बरं का, ऊन फार आहे."

एवढं बोलून, चहाही न घेता, त्या जानोशाकडे परत गेल्या. वऱ्हाड गावच्या शाळेत उतरलं होतं, तोच जानोसा. लग्न दुसऱ्या दिवशी होतं.

मी पाटावर बसले. पाच सवाष्णींनी आंब्याच्या पानाने माझ्या गालांना हळद लावली. मग मामीला पानाने पुरेना, तिने बोटंच घातली आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत चांगली थापली. त्याच वेळी माझ्या नाकात वास घुसला. हळदीचा नव्हता. केस काळे करायच्या डब्याला येतो तसा, डोळ्यात पाणी आणणारा.

"मामी, झोंबते," मी म्हणाले.

"झोंबनारच. नवी हयद हाय."

"नाही, जास्तच झोंबते."

"नवरी झाली ना तू? मंग गप बस थोडी. इतकं बोलतेत का नवऱ्या?"

बाया हसल्या. गाणं सुरू झालं. एकेक बाई यायची, हळद लावायची, गाणं म्हणायची, माझ्या तोंडात साखर घालायची. मी गप्प बसले. चौथीच्या पन्नास पोरांना एका नजरेत गप्प करणारी मी बाई, स्वतःच्या तोंडाची आग होत असताना पाटावर साखर चघळत बसले. या गोष्टीचा मला आज इतक्या वर्षांनीही राग येतो, आणि तो दिवाकरवर येतो त्याहून कमी नाही.

खरं तर या सगळ्याची सुरुवात फार चांगली झाली होती.

आमच्याकडे होळीच्या सुमारास पळस फुलतो. सगळं रान वाळलेलं आणि मधेच हा केशरी. आई दर वर्षी त्याची फुलं आणायची, रात्री पाण्यात भिजत घालायची आणि सकाळी त्या पाण्याने आम्हा भावंडांना न्हाऊ घालायची. मग उन्हाळाभर ऊन बाधत नाही, घामोळ्या येत नाहीत. अंगाची निगा म्हणजे आमच्याकडे एवढीच. कातडी उन्हात टिकली पाहिजे, कारण उन्हात जायचं तर असतंच. मी स्वतः रोज सायकलने चार कोसांवरच्या शाळेत जायची. रंग आधीच बाबांचा. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, काळेसावळे, उजवा हात खिडकीतल्या उन्हाने आणखी काळा झालेला. गावातले लोक म्हणत, इंगोल्याची रत्ना म्हणजे बापाचा छाप. मला ते आवडायचं.

दिवाकर राऊत मला बघायला आला तेव्हा त्याने रंगाबद्दल अवाक्षर काढलं नाही. अकोल्याला कॉलेजात शिकवत होता. बोलणं हळू, वागणं सभ्य. "मुलगी शिकलेली आहे, नोकरी करते, मला पसंत आहे," असं तो सरळ सगळ्यांसमोर म्हणाला. साखरपुडा झाला. बाबांनी त्याच्या मनगटावर घड्याळ बांधलं. त्यानंतर महिन्याभराने बेबीआत्या तिळगुळाचं निमित्त करून आल्या आणि जाताना माझ्या हातात घडी केलेलं कात्रण दिलं.

"दिवाकरने दिलंय. तुझ्यासाठी मुद्दाम कापून ठेवलं होतं."

कुठल्याशा पुरवणीतला लेख होता. वसंतात त्वचेची काळजी कशी घ्यावी. हवा बदलते, कातडी कोरडी पडते, ऊन चढू लागतं, तेव्हा बाहेर पडताना चेहरा झाकावा, मसुराच्या पिठाने धुवावा, भरपूर पाणी प्यावं. बाजूला एका गोऱ्या बाईचं चित्र.

मी येडी. मला त्या कात्रणात प्रेम दिसलं. लग्नाआधी पत्र लिहायची त्याला लाज वाटत असेल, म्हणून त्याने हे पाठवलं, असं मी ठरवून टाकलं आणि ते उशाखाली ठेवलं. इतक्या लांबचा माणूस माझ्या कातडीची काळजी करतो, म्हणजे काय थोडं झालं?

आईने मात्र त्यातलं मर्म बरोबर ओळखलं. तिने दुसऱ्याच दिवशी माझी सायकल बंद केली. साय आणि बेसन सुरू झालं. दुपारच्या उन्हात अंगणात जायचं नाही, शाळेत एसटीने जायचं आणि डोक्यावरून पदर. सकाळ-संध्याकाळ ती माझा चेहरा उजेडाकडे वळवून बघायची, भाकरी शेकली का बघतात तशी. "थोडी उजयली," म्हणायची. मला चीड यायची, पण आईला काय बोलणार? पळसाचं पाणी घालणारे हातच ते. फक्त आता त्यांना दुसरंच काही हवं होतं.

तर अशी मी, साय-बेसन लावून तयार झालेली, त्या दुपारी पाटावर बसले होते.

गाणी संपायला चांगला तास-दीड तास गेला. मांडवात मांडववाला अजून कनात बांधत होता. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास, असा माणूस. मागच्या अंगणात आचाऱ्याने भट्टी पेटवली होती आणि बुंदीचं पीठ भिजवून तो आईच्या हुकमाची वाट बघत होता. आईने मला न्हाणीत नेलं, पहिला तांब्या तोंडावर घातला आणि तिच्या हातातून तांब्या पडला.

"आई, काय झालं?"

मी पदराने तोंड टिपलं तर पदराला कातडी आली.

मामीने आरसा आणला नसता तर बरं झालं असतं. कपाळ लाल, गाल सुजलेले, डाव्या गालावर आणि हनुवटीवर पाण्याने भरलेले फोड, एक फुटलेला. डोळे मिटत आलेले. आणि ज्या ठिकाणी कातडी निघाली होती तिथे खाली पांढरट गुलाबी. मला माझं तोंड ओळखू येईना. त्याचा डाग अजून आहे, डाव्या गालावर, वाटाण्याएवढा. बाया अजून विचारतात की हा पांढरा डाग कशाचा, आणि मग न विचारता उपाय सांगतात.

आईने उद्याच्या आंघोळीसाठी भिजवलेलं पळसाचं पाणी आणलं आणि माझ्या तोंडावर सावकाश ओतत राहिली.

"मामी, ती वाटी कुठंय?" मी विचारलं.

वाटी देवघरात ठेवली होती. निम्मी हळद उरली होती. मी नाकाजवळ नेली. तोच वास. आणि कडेला, जिथे नीट कालवलं गेलं नव्हतं तिथे, पांढऱ्या मलमाची रेघ होती.

तोपर्यंत बाबा आणि मामा आत आले. मामा हा आमच्या घरातला शहाणा. कुणाचं काही बिघडलं की तो सल्ला द्यायला हजर, आणि सल्ला नेहमी एकच, की गप्प बसा.

"पाहा ताई, आता बोंबलू नोका," तो आईला म्हणाला. "डॉक्टरले बोलावतो, मलम लावू. उद्या मुंडावळ्या हायेत, शालू हाय, अंतरपाट हाय. पदर घेतला का कोनाले दिसते? अक्षता पडू द्या, मंग पाहू."

"मामा, त्यांनी हळदीत काहीतरी घातलंय," मी म्हणाले.

"असंन. मंग काय लग्न मोडतं?"

"का घातलं ते तर विचारा."

"बाई, तू मास्तरीन हाय, शाळेत. इथं नाही. एक घर सोडून दुसऱ्या घरी जाशीन तरी तेच. पयसाले पानं तीनच."

"मामा, फाल्गुनात पळसाला एकही पान नसतं. शेतात जाऊन बघा."

मी बाबांकडे बघितलं. ते दारात उभे होते. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे एकदाच बघितलं आणि नजर बाहेर वळवली. मांडवाकडे, भट्टीकडे, लांबून आलेल्या पाव्हण्यांकडे. पंचवीस वर्षं रस्त्यावर काढलेला माणूस. कुठलंही वळण आलं तरी हात थरथरत नसे त्यांचा.

"रत्ना," ते म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे, पोरी. मंग मी सोता बोलतो त्याहीच्याशी."

बाबांकडून मला हे ऐकायचं नव्हतं. मामाचं मी ऐकून सोडून दिलं असतं. पण बाबा म्हणाले आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडाची आग होती तशीच होती, तिच्यावर ही दुसरी आग पेटली. उद्याचा दिवस गेला की मी त्या घरची झालेली असणार आणि मग कोण कुणाशी काय बोलणार?

मी वाटी उचलली आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

अंगावर हळदीची ओली साडी, हातात हिरवा चुडा, पायात काही नाही. हळद लागलेल्या नवरीने उंबरठा ओलांडायचा नसतो. भूत लागतं म्हणतात. मला बघून ओट्यावरच्या म्हाताऱ्या उठून उभ्या राहिल्या. मागून आईची हाक आली, मग मामाची, मग बाबा येत असल्याचा त्यांच्या जाड चपलांचा आवाज. ते मला हाक मारत नव्हते, नुसते मागे येत होते. मी वळून बघितलं नाही. शाळा समोरच होती. याच शाळेत मी पाटीवर पहिलं अक्षर काढलं होतं.

वर्गातले बाक बाजूला सारून सतरंज्या घातल्या होत्या. मधे खुर्चीवर दिवाकर बसला होता, अंगावर पांढरा बनियन, कपाळ-गाल पिवळे. चांगले पिवळे, झेंडूसारखे. दोन-चार मित्र पत्ते खेळत होते. बेबीआत्या साड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "नवरीनं असं बाहेर पडू नये."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. दिवाकरसमोर जाऊन उभी राहिले आणि पदर तोंडावरून बाजूला केला. पत्ते थांबले.

मी वाट बघत होते. कुठलाही माणूस, रस्त्यावरचा अनोळखी माणूससुद्धा, असं तोंड बघितलं तर पहिल्यांदा विचारेल, काय झालं? तेवढंच ऐकायचं होतं मला. त्याने तसं विचारलं असतं, दचकून उठला असता, तर मी कदाचित तिथेच रडले असते आणि उद्याच्या अक्षता पडल्या असत्या. ही गोष्ट मी कुणाला सांगत नाही, पण खरी आहे. उशाखालच्या कात्रणावर माझा अजून तेवढा विश्वास होता.

दिवाकरने माझ्या गालाकडे नीट निरखून बघितलं. मग तो म्हणाला,

"वेळेवर धुतली नाहीत का?"

मला क्षणभर कळलंच नाही. तो आत्याकडे वळला.

"तू सांगितलं नव्हतंस का यांना, पंधरा मिनिटांत धुवायची म्हणून?"

"सांगितलं की," बेबीआत्या म्हणाल्या. "लवकर न्हाऊ घाला असं स्पष्ट सांगितलं होतं मी. आता खेड्यात तासभर गाणी म्हणत बसतात, त्याला मी काय करू?"

माझ्या मागे बाबांच्या चपला थांबल्या.

"काय आहे यात?" मी विचारलं.

"काही नाही गं. ब्लीच आहे साधं. माझ्या पार्लरमध्ये सगळ्या लावतात. हळदीत कालवलं की कुणाला कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी चेहरा उजळून निघतो. अगं, तुझ्याच भल्यासाठी. उद्या त्याच्या कॉलेजातली माणसं यायची आहेत, प्रिन्सिपॉल यायचे आहेत. लोक बघतात."

"रत्ना, गैरसमज करून घेऊ नका," दिवाकर म्हणाला. तेच हळू, सभ्य बोलणं. "मला स्वतःला रंगाचं काही नाही. पण फोटो जन्मभर राहतात. मी तुम्हाला आधीच तो लेख पाठवला होता ना? तुम्ही थोडी काळजी घेतली असती तर याची वेळच आली नसती."

म्हणजे कल्पना त्याचीच. आत्याने नुसतं कालवलं.

"ही तुम्ही लावली होती?" मी वाटी पुढे केली.

"काय?"

"साधा प्रश्न आहे. ही हळद तुमच्या अंगाला लागली होती का?"

बेबीआत्या म्हणाल्या, "त्याची वेगळी होती. त्याला कशाला लागतं हे?"

"मग ही उष्टी नाही," मी म्हणाले. "म्हणजे मला अजून नवरदेवाची हळद लागलेलीच नाही. ठीक आहे. आता लावू. आधी तुम्हाला, मग मला. रीत पाळू."

मी दोन बोटं वाटीत घातली. बोटं चुरचुरली. हात त्याच्या गालाजवळ नेला.

"घाबरू नका. पंधरा मिनिटांत मी स्वतः धुते."

त्याने मान अशी मागे टाकली की खुर्ची कलंडली आणि तो उठून उभा राहिला. एका हाताने माझं मनगट धरलं, घट्ट.

"नको," तो म्हणाला. "उद्या फोटो आहेत."

त्याच्या एका मित्राने खाली मान घातली. मी मनगट सोडवून घेतलं. खरं सांगते, त्या वेळी मला ती वाटी त्याच्या तोंडावर फेकायची होती. हात उचललाही होता. तो मागून कुणीतरी धरला.

बाबांनी. त्यांनी वाटी माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटलं, झालं, आता हे माफी मागणार. पोर आहे, चुकलं, पदरात घ्या. मुलीचा बाप जे बोलतो ते बोलणार.

त्यांनी कलंडलेली खुर्ची सरळ केली, तिच्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. मग चार बोटं वाटीत घातली आणि स्वतःच्या गालावर ओढली. एका गालावर, दुसऱ्या गालावर, कपाळावर.

"अहो काका, हे काय करता?" बेबीआत्या पुढे आल्या.

"पोरीचा रंग माह्याकडून आला," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता. "तुमाले तो नको हाय, तं पयले इथून काढा."

"बाबा, नका," मी म्हणाले.

"तू थांब." मग ते दिवाकरकडे वळले. "मास्तर, हातात घड्याय हाय ना? पाहा त्याच्यात. पंधरा मिनिटं झाले का सांगा."

दिवाकरने इकडेतिकडे बघितलं. कुणी त्याच्या मदतीला येईना.

"पाहा म्हनलं."

आणि त्याने घड्याळ बघितलं. बाबांनीच बांधलेलं घड्याळ. त्याला तिथून जाता येईना आणि बसता येईना. बाबा खुर्चीत ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, समोर नजर. स्टँडवर गाडी लावून सुटायच्या वेळेची वाट बघताना ते असेच बसायचे. थोड्या वेळाने त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. ते त्या वासाचं होतं की कशाचं, मी सांगू शकत नाही. त्यांनी ते पुसलं नाही. गालाची कातडी आकसताना मला दिसत होती. कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून ठेवला. त्यांनी हातही लावला नाही. दारात गाव जमा झालं होतं, मामा सगळ्यात पुढे, आणि तोही जन्मात पहिल्यांदा सल्ला देत नव्हता.

मला वाटतं, वर्गात इतकी शांतता मला माझ्या साऱ्या नोकरीत करता आली नाही.

"झाली," शेवटी दिवाकर म्हणाला.

"बराबर?"

"हो."

बाबा उठले. टोपी डोक्यावर घातली. वाटीतली उरलेली हळद खिडकीतून बाहेर मातीत ओतली, वाटी उपडी करून बेबीआत्यांच्या साड्यांवर ठेवली.

"चाल रत्ना," ते म्हणाले.

"ते घड्याळ," मी म्हणाले. मला ते त्याच्या मनगटावरून ओढून काढायचं होतं.

"राहू दे. त्याले लागंन."

वाटेत ते माझ्या पुढे एक पाऊल चालत होते आणि ओट्याओट्यावरची माणसं आमची दोन तोंडं बघत होती. बाबांनी तोंड लपवलं नाही, म्हणून मीही पदर घेतला नाही. मधेच एकदा ते थांबले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "मघा मी चुकीचं बोललो," आणि पुन्हा चालू लागले.

पुढे काय झालं हे लोक मला फार विचारतात. पुढे लग्न केलं का, पोलिसांत का गेला नाहीत, त्या माणसाचं काय झालं. मी सांगत नाही. त्याचं काय झालं ते मला ठाऊक नाही आणि बाकीचं त्यांच्या कामाचं नाही. वसंत आला की पेपरात अजून तसे लेख येतात आणि मी ते वाचायच्या आधीच फाडते, एवढं मात्र सांगते.

घरी आलो तेव्हा अंगणात सगळे उभे होते. मामीने तोंडाला पदर लावला होता. आईने बाबांचं तोंड बघितलं, माझं बघितलं, आणि तिला काय कळायचं ते कळलं. ती रडली नाही. न्हाणीतून पळसाच्या पाण्याचं घंगाळ उचलून तिने अंगणातच आणलं, भर उन्हात.

"बसा दोघं," ती म्हणाली. "तोंडं करा इकडं."

आम्ही दोघं पायरीवर शेजारी शेजारी बसलो. ती एक ओंजळ माझ्या तोंडावर घाली, एक बाबांच्या. केशरी पाणी दोघांच्या कपड्यांवरून ओघळत होतं. माझ्या हनुवटीला हात लावून तिने तोंड वर केलं. आता उजेडाकडे वळवून बघेल, असं मला वाटलं, पण तिने तसं बघितलं नाही. नुसतं पाणी घातलं.

"माही बुद्धी गेली होती," ती एवढंच म्हणाली.

मागच्या अंगणातून आचारी आला. हातात झारा, कपाळावर घाम. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. कढईतलं तेल तापून तापून धुरायला लागलं होतं.

"काका, बुंदीचं काय करू?" त्याने विचारलं. "पाडू का राहू देऊ?"

मामा म्हणाला, "अरे, आता कायची बुंदी? वऱ्हाड चाललं वापस."

बाबांनी ओंजळीतलं पाणी तोंडावर मारलं, डोळे उघडले. गाल सुजून आले होते.

"पाड," ते आचाऱ्याला म्हणाले. "साऱ्या गावाले जेवायले बोलाव. पोरगी घरी आली."